तिसरी मुंबई (कर्नाळा-साई-चिरनेर): आधी बस की आधी बिल्डिंग?

पारसिककर

मंडळी, बरेच दिवस विषय डोक्यात घोळतोय, आज धागा काढतोच.

ऑक्टोबर २०२४ मधे सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यातली १२४ गावं मिळून कर्नाळा-साई-चिरनेर नावाचं नवनगर जाहीर केलं आणि एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तिथलं प्राधिकरण नेमलं. क्षेत्र ३२३ चौ. किमी. सिडकोची (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) अख्खी नवी मुंबई ३४४ चौ. किमी आहे, म्हणजे जवळपास तेवढंच अजून एक शहर. पेपरवाले त्याला तिसरी मुंबई म्हणतात. अटल सेतू झाला, विमानतळ झाला, आता प्लॉटच्या जाहिराती सुरू, 'सेतूपासून इतकी मिनिटं' वगैरे. त्या मिनिटांत गाडी स्वतःची धरलेली असते हे कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच की पहिल्या बिल्डिंगचा पहिला माणूस चावी घेऊन येईल त्या दिवशी खाली रस्त्यावर बस पाहिजे. भले रिकामी धावू दे. कारण नवीन जागी आलेला माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ठरवून टाकतो की कसं जायचं यायचं, आणि त्या वेळी बस नसेल तर हप्त्यावर स्कूटर येते, मग बायकोची वेगळी, मग मुलगा अठराचा झाला की तिसरी, आणि पाच वर्षांनी तुम्ही चकचकीत एसी बस आणलीत तरी ती त्याच्या दारावरून रिकामी जाणार आणि मग तुम्हीच म्हणणार की बघा लोकांना बस नकोच आहे.

नवी मुंबईत काय झालं ते आठवा. १९६४-६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे शहर काढा असं मांडलं, १९७० ला सिडको आली. त्या आराखड्यातली मूळ कल्पना फार सुंदर होती. नोड (म्हणजे छोट्या वसाहती) एका रेषेवर ओळीने, घरापासून थांबा चालत जाण्याइतका जवळ, आणि त्या रेषेवर सुरुवातीला साध्या बस, वस्ती वाढली की त्याच पट्ट्यात रेल्वे. म्हणजे जागा पहिल्या दिवसापासून राखलेली, वाहन फक्त मोठं होत जाणार. प्रत्यक्षात खाडीपूल १९७३ ला झाला आणि वाशीला लोकल पोचली मे १९९२ मधे. मधली १९ वर्षं लोक एसटी आणि बेस्टला लटकून मानखुर्द गाठत होते. सिडकोने स्वतःची बस कंपनी काढली होती, बीएमटीसी, ती १९८४ ला बंद पडली. पालिकेची एनएमएमटी आली १९९६ ला. म्हणजे शहर भरत असताना १२ वर्षं शहराची स्वतःची बसच नव्हती!

तेव्हा निदान बहुतेकांकडे स्कूटर घ्यायला पैसे नव्हते म्हणून लोक थांबले बसची वाट बघत. आता कोण थांबणार आहे?

तर प्रश्न असा, हे नवीन शहर कागदावर असताना, अजून भातखाचरं आणि खारजमीन आहे तोवर, वाहतुकीचं काय काय आधी ठरवून ठेवता येईल? अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज, नुसतं 'आपल्याकडे काही होणार नाही' असं नको.

बजेटवाला

आपल्याकडे काही होणार नाही 😀

जोक अपार्ट, रिकाम्या बसचे पैसे कोण देणार साहेब? शहरी बससेवा जवळपास सगळ्या तोट्यात. तुम्ही म्हणता माणसं यायच्या आधी बस सोडा. डिझेल काय हवेवर येतं का? आणि ज्याला परवडतं तो गाडीच घेणार, तुम्ही बस सोडा नाहीतर पालखी पाठवा.

उलवेकर

बजेटवाला, आमच्याकडे या एकदा संध्याकाळी, कोण गाडी का घेतं ते दाखवते.

उलव्यात (नवी मुंबईचा नोड) आम्ही आलो तेव्हा स्टेशनच नव्हतं. खारकोपरपर्यंत गाडी नोव्हेंबर २०१८ मधे आली, पुढे उरणपर्यंत जानेवारी २०२४ मधे. गाडी आली म्हणून सगळे खूष, पण तासाभराने एक असं टाइमटेबल. म्हणजे नेरूळला हार्बरची गाडी दोन मिनिटं लेट झाली की पुढची तासाभराने. मग उतरलात बामणडोंगरीला की बाहेर शेअर रिक्षांची रांग, 'एकोणीस एकोणीस, दोन सीट' असं ओरडणं, मागे तीन बसवले तरी निघत नाही, ड्रायव्हरच्या शेजारी चौथा येईपर्यंत. पावसात तो चौथा माणूस अर्धा बाहेर. बस आहे, नाही असं नाही, पण ती गाडी यायच्या तीन मिनिटं आधी सुटते! गाडीतून उतरलेली दोनशे माणसं पुलावरून तिची पाठ बघतात. ज्याने ते टाइमटेबल केलं तो कधी त्या पुलावर उभा राहिलेला नाही एवढं नक्की.

माझ्या नवऱ्याने वर्षभर सोसलं, मग बाइक घेतली. आता तो नेरूळला बाइक लावून लोकल पकडतो. उरणच्या गाडीचा एक पॅसेंजर कमी झाला, कायमचा.

बजेटवाला

@उलवेकर मुद्दा पटला, पण पैशाचं उत्तर नाही मिळालं.

पारसिककर

घ्या मग, पैशाचंच बोलू. आकडे माझे अंदाजाचे आहेत, पण हिशोब करायची पद्धत हीच.

समजा नवीन नोडमधून जवळच्या स्टेशनपर्यंत ९ किमीचा रूट. थांबे, सिग्नल धरून ताशी १५ किमी, म्हणजे जायला ३६ मिनिटं, यायला ३६, दोन्हीकडे चार-चार मिनिटं उभी. फेरी झाली ८० मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस हवी तर ८ बस रस्त्यावर लागतील, एखादी राखीव. एक बस दिवसात १२ फेऱ्या करेल, म्हणजे २१६ किमी. आठ बसचे मिळून झाले १,७२८. ठेकेदाराला किमीमागे ७० रुपये धरा. दिवसाला साधारण १ लाख २१ हजार, वर्षाला ४.४ कोटी. पाच वर्षं तिकिटाचा एक रुपयाही आला नाही असं धरलं तरी २२ कोटी.

आता त्या रूटवर १०,००० फ्लॅट होणार असतील तर फ्लॅटमागे किती? २२ हजार. एकदाच. बिल्डर एका पार्किंगचे किती घेतो ते इथे सगळ्यांना माहीत आहे.

आणि हे काही जगावेगळं नाही. मानखुर्द-वाशी-पनवेल रेल्वेचा ६७ टक्के खर्च सिडकोने केला, रेल्वेने फक्त ३३. सिडकोचा पैसा कुठून आला, जमिनी विकून. वर तिकिटावर अधिभार लावला होता. रेल्वेला जमिनीचा पैसा चालतो तर बसला का नको? रुळाला पैसे मिळतात कारण रुळाचं भूमिपूजन होतं, बसच्या किलोमीटरचं होत नाही, एवढाच फरक.

खारफुटी

मला कळत नाही आपण अजून बसवर का अडकलोय. एवढं मोठं शहर होणार तर सरळ मेट्रो टाका ना सुरुवातीलाच, जमीन मोकळी आहे, स्वस्तात होईल. चीनमधे शेतात मेट्रो स्टेशनं बांधली, लोक हसले, आता बघा.

तिसरी_शिफ्ट

खारफुटी, बेलापूर-पेंधर मेट्रो ११.१ किमी. काम २०११ ला सुरू, गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला. खारघरच्या लांबच्या सेक्टरातलं पोर पहिलीत असताना खांब उभे राहिले आणि बारावी झाल्यावर गाडी आली. तोपर्यंत सगळे रिक्षाने. नंतर जास्तीत जास्त तिकीटही ४० चं ३० करावं लागलं. मेट्रो वाईट नाही, चांगली आहे, गार आहे, पण ती यायची तेव्हा येते.

मी आयुष्य बस डेपोत काढलं (कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे 🙏), म्हणून चार गोष्टी प्लॅनवाल्यांसाठी. हे लोक नकाशावर रंगीत रेषा मारतात, बस कुठे झोपणार ते विसरतात.

डेपो. नवीन शहरात डेपोला प्लॉट ठेवतात तो कुठे, तर टोकाला, नाल्याकडे, जिथे दुसरं काही विकलं जात नाही तिथे. मग बस सकाळी डेपोतून रिकामी निघते ती पहिल्या थांब्यापर्यंत आठ-दहा किमी रिकामीच. आमच्यात त्याला डेड किलोमीटर म्हणतात. रोज दोन वेळा, प्रत्येक गाडीचे. वर पारसिककरांनी ७० रुपये धरलेत ना, ते या मेलेल्या किलोमीटरलाही लागतात. डेपो रूटच्या तोंडाशी पाहिजे. आणि आता इलेक्ट्रिक गाड्या येणार म्हणजे डेपोला हाय टेन्शन लाइन लागणार, ती नंतर मागायला गेलात की दोन वर्षं फाइल फिरते आणि गाड्या पत्र्याच्या शेडखाली धूळ खात उभ्या. रस्त्याखाली केबल टाकताना एक डक्ट जास्त टाकली तर काय जातं?

वळायची जागा. १२ मीटरची बस वळायला साधारण २४-२५ मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. टर्मिनसला ते नसतं. मग काय होतं, कंडक्टर खाली उतरतो, मागे उभा राहून शिटी मारतो, ड्रायव्हर रिव्हर्स घेतो, मागून स्कूटरवाला घुसतो, शिव्या. प्रत्येक फेरीला तीन-चार मिनिटं गेली. दिवसभरात एक फेरी कमी. ऑफिसात बसलेला साहेब विचारतो फेरी का रद्द?

संडास. टर्मिनसला ड्रायव्हर-कंडक्टरला संडास आणि पिण्याचं पाणी. आता बायका पण कंडक्टर आहेत. सहा तास ड्युटी करायची आणि जायचं कुठे? हे कुठल्याच डीपीत (विकास आराखड्यात) मी बघितलं नाही. आराखड्यात 'बस टर्मिनस' म्हणून निळा चौकोन असतो, आत काय ते कोण बघत नाही.

आणि सोसायटीच्या भिंती. सरळ रेषेत थांबा दोनशे मीटरवर असतो, पण मधे तीन कॉम्प्लेक्सचे कंपाउंड. म्हातारा माणूस गेट-गेट करत सातशे मीटर चालतो. मग तो बसने कशाला येईल. प्लॉट पाडतानाच दोन प्लॉटच्या मधून पायवाट ठेवा आणि ती विकू नका.

गुलमोहर

+१००० संडासाला. आणि टाळ्या.

सातबारा

सगळं वाचतोय कालपासून. चर्चा चांगली आहे, एक विचारतो, हे 'मोकळी जमीन, मोकळी जमीन' चाललंय ती कुणाची हो?

मी त्या १२४ मधल्याच एका गावचा. गावाचं नाव लिहित नाही, उद्या दलाल फोन करतील. नवीन शहर तुमच्यासाठी नवीन, आमी हितंच हाव. चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर, गोळीबार झाला होता, ते गाव मुंबईवाल्यांच्या नकाशावर आता आलं. १९८४ ला जासईला गोळ्या खाल्ल्या आमच्या लोकांनी तेव्हा पुढे जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. ते सगळं वेगळ्या धाग्याचं आहे, राहू दे. वाहतुकीचंच बोलतो.

आज आमची माणसं कशी जातात ते कुणी मोजलंय का? पेणला जायचं तर मिनीडोर (शेअर टमटम), पनवेलला एसटी किंवा इको व्हॅन. मिनीडोर भरल्याशिवाय सुटत नाही पण सुटते. मासळीची पाटी घेऊन म्हातारी चढते, तिला कुणी नाही म्हणत नाही. तुमची एसी बस आली की पाटी वर घेणार का? आधी ते सांगा.

दुसरं म्हणजे एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. शहराची बस सुरू झाली की एसटी तो रूट सोडते, हे सगळीकडे झालंय. मग शहरी बसमधे तशी सवलत नसेल तर पूर्ण तिकीट. म्हणजे शहर आलं आणि आमच्या बायकांचं भाडं डबल झालं. हे प्लॅनमधे कुठं लिहिणार?

तिसरं, कंटेनर. दिघोडे, चिरनेर हा सगळा पट्टा गोदामांचा आणि यार्डांचा. ट्रेलर रांगेने उभे. तुमची १० मिनिटांची बस त्या ट्रेलरच्या मागे तासभर उभी राहील. ताशी १५ किमी धरलंत ना पारसिककर, जरा येऊन बघा, १५ म्हणजे सणावाराला.

पारसिककर

@सातबारा एकदम बरोबर, आणि माझ्या हिशोबातली सगळ्यात कच्ची बाजू तीच आहे. १५ चा १० झाला की त्याच १० मिनिटांच्या बससाठी ८ ऐवजी १२ गाड्या लागतात, गाड्यांचा आणि ड्रायव्हर-कंडक्टरचा खर्च दीडपट, प्रवाशाला मिळतं तेवढंच. म्हणजे ट्रेलरची वाट वेगळी काढणं हा बसच्याच खर्चाचा भाग धरला पाहिजे.

पुण्याचा_पादचारी

इथेच पुण्याचं उदाहरण घ्या. २००६ च्या शेवटी आम्ही देशात पहिल्यांदा बीआरटी (बससाठी वेगळी लेन) आणली, सातारा रोड आणि हडपसरच्या बाजूला, पण आधीच भरलेल्या रस्त्याच्या पोटातून लेन कापून काढली. दुकानदार चिडले, स्कूटरवाले घुसले, ओलांडताना लोकांचे अपघात, रेलिंग मोडली. बीआरटी म्हणजे शिवी झाली. उलट पिंपरी-चिंचवडला रस्ते मुळात रुंद होते, प्राधिकरणाने जागा सोडलेली होती, तिथे २०१५ ला रेनबो बीआरटीचे रूट निघाले आणि त्या मानाने बरे चालले. शहर शेजारचंच, बस कंपनीही तीच. फरक जागा आधी राखली की नंतर ओरबाडली एवढाच.

म्हणून माझा मुद्दा: आज ४५ मीटरचा रस्ता आखाल तर मधले ८-९ मीटर बससाठी वेगळे दाखवा आणि पहिल्या दिवसापासून तिथे कर्ब घाला. नुसता पांढरा पट्टा मारलात तर तिथे वडापाव आणि रिक्षा. 'नंतर लेन काढू' म्हणजे कधीच नाही, कारण तोपर्यंत त्या लेनमधे मतदार उभे असतात, गाडीत बसून.

पोल्डरवासी

मी नेदरलँड्समधे आल्मेरेला राहतो, बरीच वर्षं झाली. हा धागा वाचून लॉग इन केलं कारण हे शहरच मुळी असं बनवलंय. आमची जमीन १९६८ ला पाणी हटवून कोरडी केली, पहिली माणसं १९७६ ला राहायला आली, आता दोन लाखांवर वस्ती आहे. रेल्वे आली १९८७ ला. म्हणजे बघा, इथेही रेल्वेला ११ वर्षं लागली! पण मधल्या काळात एक गोष्ट होती, बसचे रस्ते वेगळे. बसची लेन म्हणत नाहीये मी, पूर्ण वेगळा रस्ता, घरांच्या मागून, झाडांतून, गाडीवाल्याला तिथे प्रवेशच नाही. वस्त्या त्या बसरस्त्याच्या आजूबाजूला बांधल्या. आजही त्याच वाटांवर बस धावते, मेट्रोसारखे एम१, एम२ असे नंबर, दर काही मिनिटांनी. माझ्या आईला इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात जमलं, भाषा येत नसताना.

पण उगाच गोडवे गात नाही. नोकऱ्या ॲमस्टरडॅमला राहिल्या. त्यामुळे सकाळी सगळे एकाच दिशेला, हायवेवर रांग, रेल्वेत उभं राहून प्रवास. शहरातल्या शहरात बस उत्तम, शहराबाहेर तेच रडगाणं. नुसत्या झोपायच्या इमारती बांधल्या तर कितीही चांगली बस सकाळी भरून जाते आणि रिकामी परत येते. दुपारी तर कुणीच नाही.

बजेटवाला

हा मुद्दा पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दोन्ही बाजूंनी भरली तरच बस परवडते. नवी मुंबईत मंत्रालय जाणार होतं ना? नाही गेलं. नरिमन पॉइंटलाच टॉवर झाले. कोकण भवन झालं, बाजार समिती वाशीला आली, पण खुर्ची तिकडेच राहिली. आता तिसऱ्या मुंबईत काय नेणार ते आधी सांगा, मग बसचं बोलू.

ऐरोलीची_मुलगी

दुपारी कुणीच नाही?? दुपारी आम्ही असतो!

सॉरी, पण वरचा सगळा हिशोब 'घर ते स्टेशन, सकाळी जा संध्याकाळी या' याच माणसाचा चाललाय. माझी आई दिवसात नातवाला शाळेत सोडते, मग बँक, मग भाजी, परत शाळा, संध्याकाळी क्लास, मधे आजोबांचा दवाखाना. सगळं दोन-तीन किमीच्या आत. स्टेशनला ती महिन्यातून एकदा जाते. तिच्यासाठी सगळ्या बस स्टेशनलाच जातात याचा उपयोग काय? नवीन शहरात शाळेला प्लॉट एकीकडे, मार्केट दुसरीकडे, हॉस्पिटल हायवेला, कारण तिथे दर चांगला मिळतो. हे तिन्ही एकाच बसच्या रस्त्यावर ओवले असते तर दुपारी बस आपोआप भरली असती आणि बजेटवाला दादा पण खूष झाले असते.

आणि थांबा. थांबा दुकानांसमोर हवा, जिथे रात्री दहाला पण दिवा आणि माणूस असतो. आमच्या इथे एक थांबा छान स्टीलचा आहे, मागे नाला आणि समोर मोकळा प्लॉट. आठनंतर तिथे कोणतीही मुलगी उभी राहत नाही, शंभर पावलं पुढे मेडिकलसमोर उभी राहते आणि हात करते. ड्रायव्हरही थांबवतो बिचारा, त्याला कळतं. म्हणजे खरा थांबा मेडिकलसमोर आहे, सरकारी थांब्यावर फक्त नगरसेवकाचा फोटो.

तिसरी_शिफ्ट

ताई, शंभर टक्के. आमच्या वेळी तोंडी ऑर्डर होती, रात्री बाई हात करेल तिथे थांबव, डबल बेल दे, निघ. कागदावर कुठे नव्हती.

खारफुटी

ठीक आहे, मेट्रोवर अडून बसत नाही. पण मग मोठा प्रवास कसा? एवढ्या लांबून लोक मुंबईला बसने जाणार का? अटल सेतूवरून बेस्टने २०२४ ला एस-१४५ सुरू केली बेलापूरहून, ठीक आहे, पण ती लाखभर लोकांना कशी पुरेल?

पारसिककर

नाही पुरणार. पण नकाशा काढून बघ, या शहराच्या दोन्ही अंगांना रेल्वे आहे आधीच. एका बाजूला उरण लाइन, शेमटीखार, द्रोणागिरी. दुसऱ्या बाजूला कर्नाळ्याच्या पलीकडून पनवेल-पेण-रोहा, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर. तिकडे दिवा-रोहा मेमू जाते, अगदी मोजक्या फेऱ्या. त्या लाइनवर फेऱ्या वाढवणं हे नवीन मेट्रोपेक्षा कितीतरी लवकर होईल, रूळ तर टाकलेलेच आहेत. मधल्या चिरनेर-साई पट्ट्यात रेल्वे नाही. तर पहिला कणा हाच ठेवा, उरण लाइनच्या स्टेशनपासून चिरनेर, साई करत पेणच्या बाजूच्या स्टेशनपर्यंत राखीव बसरस्ता. डोंगर आडवे येतात, पूल-बोगदा लागेल, मान्य. पण दोन्ही टोकांना स्टेशन असलं की बस दोन्हीकडून भरते. विरार-अलिबाग कॉरिडॉरमधे मधली जागा सार्वजनिक वाहतुकीला ठेवायचं चाललंय, ती या कण्याला जिथे छेदेल तिथे बाजार आणि सरकारी कचेऱ्या न्या. पेट्रोल पंप आणि मॉल नको.

उलवेकर

आणि बसचं टाइमटेबल गाडीच्या टाइमटेबलाला बांधा. गाडी लेट तर बस पाच मिनिटं थांबेल असं लेखी. एवढं केलंत तरी मी नवऱ्याची बाइक विकायला लावते 😀

सातबारा

रूट गावाच्या बाहेरून नको. सगळे बायपास गाव टाळून काढतात आणि मग गावातल्या माणसाला थांब्यापर्यंत रिक्षा करावी लागते. गावठाणाच्या तोंडाशी थांबा पायजे. बस आत येत नसेल तर मिनीडोरवाल्यांनाच फीडरचं परमिट द्या, ठरलेलं भाडं, ठरलेली वेळ. आज ती पोरं कर्ज काढून गाडी चालवतात, उद्या तुमची बस आली की ती पहिली रस्ता अडवणार, आणि मी त्यांच्यासोबत असेन. आधीच आत घेतलंत तर तीच पोरं बस भरून देतील.

पुण्याचा_पादचारी

हे खरंच महत्त्वाचं आहे. आमच्याकडे सहा आसनी रिक्षावाल्यांना कुणी विचारलं नाही, बसथांब्यावर त्यांनीच कब्जा केला.

बजेटवाला

केंद्राच्या निकषात लाख लोकसंख्येला ६० बस ही चांगली सेवा धरतात. म्हणजे दहा लाख वस्ती झाली तर ६००. पाच-सहा डेपो तरी लागतील. त्या सहा प्लॉटवर आत्ताच आरक्षण टाका आणि वर लिहा की वापर बदलता येणार नाही. नाहीतर पंधरा वर्षांनी डेपोच्या जागी 'व्यापारी संकुल, तळमजल्यावर बस' होणार. माझा विरोध मागे, पण २२ हजार फ्लॅटमागे घेतले तर ते वेगळ्या खात्यात पाहिजेत. विकासशुल्क म्हणून मोठ्या हंड्यात गेले की त्याचे डिव्हायडरवरचे खजूर होतात.

पारसिककर

वेगळं खातं, लिहून घेतलं. प्रारूप आराखडा आला की हरकती-सूचनांना मुदत मिळते, त्यासाठी या धाग्यातून पत्र तयार करतोय. आत्तापर्यंत: राखीव बसरस्ता कर्बसकट, रूटच्या तोंडाशी डेपो आणि वापरबदलाला बंदी, विजेची डक्ट, टर्मिनसला वळायची जागा आणि संडास, प्लॉटमधली पायवाट, शाळा-बाजार-दवाखाना बसच्या रस्त्यावर, दिव्याखाली थांबा, ट्रेलरची वेगळी वाट, मिनीडोरला फीडर परमिट, महिलांचं सवलतीचं तिकीट चालू राहणं, रेल्वेशी जुळवलेलं वेळापत्रक, पहिली पाच वर्षं जमिनीच्या पैशातून बस. काही राहिलं?

सातबारा

पाटी.

पारसिककर

@सातबारा टाकतो. बसमधे मागच्या दाराशी सीट न लावता सामानाला जागा, असं लिहू का?

तिसरी_शिफ्ट

'लो फ्लोअर आणि मागच्या दाराशी सामानाची जागा' असं लिहा. नुसतं सामानाची जागा लिहिलंत तर उंच पायऱ्यांची गाडी देतील आणि म्हातारीला पाटी वर चढवायला परत कंडक्टरच उतरेल.

सातबारा

चालेल. पत्र मराठीत काढा आणि एक प्रत आमच्या ग्रामसभेत वाचायला द्या, त्याच्याशिवाय गावातून एकाची पण सही नाय मिळणार.